सिद्ध मालकाने करावे

नारदस्मृतीत दासांचे १५ प्रकार मोजले आहेत. मोठ्या कर्जातून सोडवून घेतलेला माणूसही त्यात येतो. दासाला मोकळे करण्याचा विधीही तिथेच आहे. धन्याने त्याच्या खांद्यावरचा पाण्याचा घडा घेऊन फोडायचा, मस्तकावर अक्षता-फुलांसह पाणी शिंपडायचे आणि तू आता दास नाहीस, असे तीनदा म्हणायचे. विधी देखणा खरा, पण घडा कधी फोडायचा हे ठरवणार धनीच!

१९९९ साली लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’ या गुलामगिरीविरोधी संस्थेने आपला पुरस्कार विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना दिला. ही संस्था १८३९ पासूनची. पंडित दांपत्याची श्रमजीवी संघटना १९८२ ची, वसई तालुक्यातली. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. तोवर वसई आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. म्हणजे लंडनहून आलेला हा मान आपल्याच जिल्ह्यातल्या वेठबिगारीविरुद्धच्या कामाचा होता. तो अभिमानाने मिरवावा की मान खाली घालावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वेठबिगारीचे इथले एक रूप म्हणजे लग्नगडी. आदिवासी तरुणाने लग्नापुरते पैसे मालकाकडून उचलायचे आणि ते फिटेपर्यंत जोडप्याने त्याच्या शेतावर राबायचे. हिशेब मालकाच्या वहीत, आणि अंगठा देणाऱ्याला ती वही वाचता येत नसे. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तलासरी-उंबरगावचे वारली १९४५ मध्ये याच वेठीविरुद्ध उठले होते. तरी स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनी वसईत नव्याने संघटना बांधावी लागली.

कायदा नव्हता असे नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला, १९७६ मध्ये अधिनियम झाला. कर्जच रद्द. मला त्यातले कलम १५ सर्वांत मोलाचे वाटते. मजुराने कर्ज वेठीचे असल्याचे म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर येतो. ज्याच्याकडे वही, त्यानेच पुरावा द्यावा. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. भगवतींनी ‘बंधुआ मुक्ती मोर्चा’च्या खटल्यात हाच धागा पुढे नेला: सक्तीने राबवून घेतले जात असेल, तर त्यामागे उचल असल्याचे न्यायालयाने गृहीत धरावे. नारदाचा घडा धन्याच्या हातून काढून घेतला तो इथे.

पण कलम आपल्या पायांनी शेतावर जात नाही. ज्याच्या दारात उद्या पुन्हा काम मागायचे, त्याच्याविरुद्ध साहेबासमोर उभे राहून बोलायला कुणीतरी पाठीशी लागते. पुरस्कार मिळाला तो या पाठीशी उभे राहण्याला, असे मी समजतो. आणि बोलणाऱ्या मजुराचे नाव मात्र कुठल्याच मानपत्रावर नसते.

आता वीटभट्ट्यांकडे पाहा. पावसाळ्यात घरात दाणा नसताना कातकरी कुटुंब उचल घेते. दिवाळी झाली की पोराबाळांसह भट्टीवर. राहायला भोंगा, म्हणजे काटक्या-पेंढ्याचे तात्पुरते खोपटे, आठवड्याला खर्ची, पुरता हिशेब पाऊस तोंडावर आल्यावर. या मुलांसाठी पंडितांच्याच ‘विधायक संसद’ या संस्थेने भोंगाशाळा काढल्या. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या इमारतींच्या भिंती विटांच्याच आहेत. त्या विटा थापणाऱ्याचा हिशेब फिटला होता का, हे घर घेताना कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

सरकारची वेठबिगारांसाठीची पुनर्वसन योजना प्रौढ पुरुषाला एक लाख रुपये देऊ करते. तातडीची थोडी रक्कम लगेच मिळते. मोठी रक्कम मात्र मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली. कलम १५ ने मजुराच्या डोक्यावरून उतरवलेला भार योजनेने मागच्या दाराने पुन्हा चढवला. ही अट काढून टाकायला हवी.

१९७६ च्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असावीच लागते. ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत किंवा कल्याणच्या प्रांत कचेरीत एक अर्ज टाका आणि समितीची शेवटची बैठक कधी झाली, ते विचारा. माहितीच्या अधिकारात त्याचे शुल्क १० रुपये आहे.