हौसेचे कष्ट

मनुष्य पोटासाठी कष्ट करतो यात नवल नाही. परंतु पोट भरलेले असता तो पदरचे पैसे खर्चून कष्ट विकत घेतो, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. अशा कष्टांस काही नैतिक मूल्य आहे, की ती केवळ सुखवस्तूंची करमणूक होय, हा प्रश्न आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे चर्चिला. गेल्या माघात तो आमच्यापुढे प्रत्यक्ष येऊन उभा राहिला, आणि तोही चिखलात.

नवी मुंबईतील दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावरून आम्ही चौघे दोन कयाकांतून निघालो. वल्हवीत उरणच्या बाजूस जावे आणि एका स्नेह्यांच्या वाडीत तंबू ठोकून रात्र काढावी, असा पहिल्या दिवसाचा बेत होता. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली. सील हाती लागला नाही तर त्यांच्या घरी अन्न नसे आणि दिव्यास तेलही नसे. १८६५ साली जॉन मॅक्ग्रेगर नामक बॅरिस्टराने तिच्या धर्तीची नाव बांधवून युरोपातील नद्यांतून सहल केली, आणि उपजीविकेचे साधन हौसेच्या दालनात आले. आमचे कष्ट अशा रीतीने मुळातच उसने होते.

त्या दिवशी शुद्ध त्रयोदशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब. तेराची पाऊणपट पावणेदहा. भरती होताच निघालो असतो, तर ओहोटीच्या पाण्यानेच आम्हांस खाडीबाहेर नेले असते. परंतु तंबू, शेगडी, आणि ज्यांचे पानही उलटणार नव्हते अशी पुस्तके भरता भरता दोन तास गेले. अटल सेतू दूर दिसू लागला होता. इतक्यात पाणी सरले आणि तीनच्या सुमारास उलव्याच्या बाजूस दोन्ही होड्या गाळावर टेकल्या. उतरू गेलो तो पाय मांडीपर्यंत रुतला.

थोड्या अंतरावर एक कोळीण त्याच चिखलात वाकून निवट्या धरीत होती. ती आली. कोठे पाय टाकावा हे तिने दाखविले, खांदा लावून होड्या पाण्याच्या धारेपर्यंत ढकलविल्या आणि मग म्हणाली, "तेरशीला येवढ्या उशिरा कोन निघतं?" आम्ही ओशाळून हसलो. तिने आमच्या वल्ह्यांकडे पाहून विचारले, "ह्या कामाला तुमाला कोनी लावलंय?"

कोणी नाही, असे आम्ही सांगितले. तिला ते पटले नसावे.

आम्ही पैसे पुढे केले. ढकलल्याचे पैसे तिने घेतले नाहीत; निवट्या हव्या असतील तर घ्या, म्हणाली. तिने भाव सांगितला, आणि सांगावयास लाज वाटते, आम्ही सवयीने तो कमी करून मागितला. ज्या चिखलातून आम्हांस दहा पावले टाकता आली नव्हती, त्यात दिवसभर वाकून धरलेल्या मालाची किंमत आम्ही त्याच चिखलात उभे राहून पाडू पाहत होतो. तिने मान हलविली. आम्ही मुकाट्याने सांगितलेला भाव दिला.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९१० साली असे सुचविले होते की, सुखवस्तू तरुणांस काही वर्षे खाणींत आणि मासेमारीच्या ताफ्यांवर पाठवावे, म्हणजे ज्या श्रमांवर आपले जीवन उभे आहे ते त्यांस कळतील. हा विचार आम्ही मोठ्या उत्साहाने शिकवीत आलो. कष्ट अनुभवले की कष्टकऱ्याविषयी आदर आपोआप उपजतो, असे त्यात आम्ही गृहीत धरीत होतो. पण आमच्या हातांस फोड आले होते, पाय गाळाने माखले होते, तरी आमची जीभ बाजारातलीच राहिली. कष्ट शरीरास शिकवितात. मनास शिकवितीलच असे नाही.

मग हौसेचे कष्ट व्यर्थच काय? तसे आम्हांस वाटत नाही. उपवास आणि उपासमार यांत पोटाची आग एकच असते. भेद इतकाच की उपवास करणारा वाटेल तेव्हा सोडू शकतो. या स्वातंत्र्यामुळे उपवास खोटा ठरत नाही. मात्र एकादशी करून भुकेचे दुःख आपणांस कळले असे म्हणणारा आणि द्वादशीस दारच्या भुकेल्यास हाकलणारा मनुष्य, या दोघांचे व्रत फुकट गेले. आणि हे दोघे बहुधा एकच असतात.

आमच्या बाबतीत हा भेद अधिकच बोचणारा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे नगर वसले. १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोबदल्यासाठी झालेल्या लढ्यात पाच जणांनी गोळीबारात प्राण गमावले. भाव कमी करून मागण्याची आमची सवय, म्हणजे, एका बाजारापुरती नाही. या किनाऱ्याशी ती मोठ्या प्रमाणावर पूर्वीच वापरली गेली आहे, आणि आम्ही त्या नगरात सुखाने राहतो.

संध्याकाळी भरतीबरोबर आम्ही जवळच्या एका गावाच्या धक्क्यास लागलो. वाडी दूरच राहिली. रात्री निवट्यांचे कालवण झाले. ते रुचकर होते, हे लपविण्यात अर्थ नाही. "कोणी लावले आहे?" या तिच्या प्रश्नास आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. आज एवढे म्हणू: ज्याला कोणी लावलेले नाही, त्याने निदान ज्याला पोटाने लावले आहे त्याच्या श्रमाचा भाव पाडू नये. घरी परतल्यावर कोळणीच्या पाटीपुढे आम्ही कसे उभे राहतो, यावरूनच त्या दिवसाच्या वल्हवण्याचे मोल ठरेल.