आधी सिलिंडर बंद कर

हे पुढे वाचायच्या आधी बाहेर जा आणि ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरचे दोन्ही सिलिंडर बंद करून ये. मग वाच.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले आणि मला फार राग आला आहे. एखाद्या नवख्याने असं काम केलं असतं तर मी त्याला जवळ बसवून समजावलं असतं. तू आयटीआयत माझ्या हाताखाली रेफ्रिजरेशनचा ट्रेड पुरा केलास आणि अमेरिकेत जाईपर्यंत कॉपर पाइपवरच पोट भरलंस. तुला समजावण्यासारखं काही नाही. तुला जाब विचारायचा आहे.

शेगडीमागच्या फ्लेअर नटाला टेफ्लॉन टेप कशासाठी गुंडाळलीस? फ्लेअर जॉइंटमध्ये आटे गॅस अडवत नाहीत. नळीचं 45 अंशात पसरवलेलं तोंड आणि पितळी फिटिंगचा तेवढाच उतार, हे दोन एकमेकांवर दाबले गेले की गॅस थांबतो. आट्यांचं काम दाबून धरण्याचं. टेपचा तुकडा त्या दोन पृष्ठभागांमध्ये आला तर गळती, आणि सुटून पुढे वाहत गेला तर बर्नरच्या जेटमध्ये अडकणार. ट्रेलरखाली जो काळा लोखंडी पाइप आहे, त्याच्या निमुळत्या आट्यांना गॅसचं सीलंट लागतं. फ्लेअरला लागत नाही. स्वतःच्या फ्लेअरची खात्री नव्हती म्हणून टेप लावलीस ना? खात्री नसेल तर तोंड कापायचं आणि नवीन फ्लेअर काढायचा. दुसरा मार्ग मी तुला कधीच शिकवला नाही.

आणि खात्री नव्हती ते बरोबरच होतं. नट सैल करून काढलेला फोटो नीट बघ. फ्लेअरच्या काठावर केसाएवढी चीर आहे. आतल्या कडेला कटरने मुडपलेली धार तशीच आहे. रीमर फिरवलाच नाहीस. नळीचं तोंड खाली धरून रीमर फिरवायचा, म्हणजे कीस आत पडत नाही, हे पहिल्या सत्रातलं काम आहे. मिनिटभराचं.

आता फर्नेसकडे जाणारा बाक. नळी गुडघ्यावर दाबून वाकवलीस हे मला इथून दिसतं, कारण आतल्या बाजूला चुणी पडून ती चपटी झाली आहे. मग ती थोडी सरळ करून पुन्हा वाकवलीस. मऊ तांबं वाकवलं की कडक होतं आणि त्याच जागी परत वाकवलं की चिरतं. बेंडिंग स्प्रिंग कुठे गेली होती? या लाइनमध्ये गॅसचा दाब जेमतेम 11 इंच पाण्याएवढा असतो, अर्धा पीएसआयसुद्धा नाही. एवढ्या कमी दाबाला चपटी नळी लगेच नडते. 30 हजार बीटीयूच्या फर्नेसला गॅस अपुरा पडला की ज्योत बिघडते, आणि बिघडलेली ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. ट्रेलरमध्ये हिवाळ्यात खिडक्या बंदच असतात.

सगळ्यात मोठा गुन्हा मात्र खालच्या बंकच्या पाठीमागे आहे. चॅसिसच्या लोखंडाला भोक पाडून नळी तशीच आरपार काढलीस. ग्रोमेट नाही, आसपास एक क्लॅम्प नाही. घरातली एसीची लाइन भिंतीवर गप्प बसून असते. हे घर इंटरस्टेटवर ताशी शंभर किलोमीटरने हादरत जाणार आहे, आणि भोकाची ती धार नळीवर करवतीसारखी चालणार आहे. नळीला दर चार फुटांच्या आत आधार हवा, आणि जिथे लोखंडातून जाते तिथे रबर हवंच. त्यात जॉइंटही तिथेच, प्लायवुडच्या आड, तोही एसीच्या फॉस्फर-कॉपर रॉडने ब्रेझ केलेला. एनएफपीए 54 वाच. गॅसच्या ब्रेझिंगमध्ये फॉस्फरस 0.05 टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि तुझ्या रॉडमध्ये तो त्याच्या शंभरपट असतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला की पेटायला तयार. त्या बंकवर कोण झोपतं ते तूच मला लिहिलं आहेस.

वर लिहितोस, "सर, नायट्रोजन भरून 150 पीएसआयला तपासलं, थेंबभर लीक नाही." शेगडी, फ्रिज, फर्नेस जोडलेलेच होते का? असतील तर त्यांचे गॅस व्हॉल्व्ह आणि शेगडीचा रेग्युलेटर आता भरवशाचे राहिले नाहीत. ते अर्ध्या पीएसआयसाठी बनलेले असतात. इतकी वर्षं एसीच्या दाबाची सवय झाली म्हणून डोकं बाजूला ठेवून हात चालवलेस, त्याचा हा परिणाम.

ही सगळी नळी कापून फेक. नवीन गुंडाळी घे आणि जमिनीवर लोळवत उलगड, स्प्रिंगसारखी ओढू नकोस. नट आधी नळीत सरकव, मग फ्लेअर काढ. फर्नेसची लाइन अखंड ने, भिंतीआड एकही जॉइंट नको. ते व्हॉल्व्ह परवानाधारक गॅस मेकॅनिककडून तपासून घे, आणि शेवटची चाचणी त्याच्याच समोर, पाण्याच्या मॅनोमीटरवर होऊ दे. त्यानंतर प्रत्येक जॉइंटवर गळती शोधायचं द्रावण लाव. अमोनियावालं क्लीनर वापरू नकोस, पितळी नट त्याने तडकतात.

आणि जमिनीलगतचा तो गॅस डिटेक्टर भिंतीवरून काढून मागची तारीख वाच. मुदत संपली असेल तर नवीन बसेपर्यंत मुलांना त्या ट्रेलरमध्ये झोपवायचं नाही.