रिकाम्या खोल्यांचा दृष्टांत

दृष्टांत द्यावा तो पारखून द्यावा, असे आमच्या गुरुजींनी पाठशाळेत शंभरदा बजावले होते. तरीही आमच्या हातून चूक झाली, आणि तीही एकदा नव्हे, कित्येक वर्षे. ती आज आपल्यापुढे मांडायची आहे.

चित्ताच्या सामर्थ्याचे निरूपण करताना आम्ही म्हणत असू, 'देवाने माणसाला दहा खोल्यांचा वाडा दिला, आणि हा वेडा एकाच खोलीत संसार मांडून बसला. नऊ खोल्यांना कुलूप! अहो, शास्त्रज्ञसुद्धा सांगतात, माणूस मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो.' लोक माना डोलवीत, मृदंगावर थाप पडे आणि विषय रंगे.

एका वर्षी सोलापूरकडील एका गावी सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एक बाई पाया पडावयास आली. तिच्या यजमानांचे उजवे अंग गेलेले, वाचाही बसलेली. गावच्या भाषेत 'वारं गेलं'. हात लुळा पडला म्हणजे रोग हातातच, अशा समजुतीने घरच्यांनी पहिली रात्र हाताला तेल चोळण्यात घालविली. दुसरे दिवशी डॉक्टरांनी सांगितले की डोक्यात रक्ताची गाठ अडकली आहे.

बाई म्हणाली, "महाराज, तुम्ही म्हणालात नऊ खोल्या रिकाम्या. मग ह्यांची ती एवढीशी गाठ रिकाम्या खोलीत का नाही हो पडली?"

तिच्या बोलण्यात उपहास नव्हता. तिला खरेच उत्तर हवे होते. आम्ही प्रारब्धाचे दोन शब्द बोललो, कपाळी बुक्का लावला आणि आपली सुटका करून घेतली. रात्री मात्र डोळा लागेना.

पुण्यास आमचा उतारा असतो त्या घरचे चिरंजीव मेंदूचे डॉक्टर आहेत. त्यांस विचारले. ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. ते म्हणाले, "बुवा, रिकामी खोली एकही नाही. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके, पण सबंध शरीराच्या शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. बिनकामाच्या नऊ खोल्यांना इतके तेल कोण जाळील? म्हणून तर एवढीशी गाठही माणसाला आडवे करते." डाव्या मेंदूचा अंमल उजव्या अंगावर, आणि बहुतेकांची वाचाही डावीकडेच, यास्तव दोन्ही एकदम गेली. गाठ विरघळविण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हेही ते म्हणाले. तेल चोळण्याची ती रात्र आम्हांस आठवली.

मग हा दहावा हिस्सा आला कोठून? पोथीत प्रक्षेप शिरतो तसा. विल्यम जेम्स या अमेरिकन पंडिताने १९०७ साली एवढेच लिहिले होते की माणूस आपल्या सामर्थ्याचा थोडाच भाग वापरतो. १९३६ साली डेल कार्नेगी यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत दुसऱ्याच लेखकाने जेम्स यांच्या नावावर दहा टक्के मनःसामर्थ्याचा आकडा चढविला. पुढे 'मनःसामर्थ्य' जाऊन 'मेंदू' आला. लेखनिकाने एक अक्षर बदलावे, पुढच्याने ओळ घालावी, आणि आमच्यासारख्याने ती व्यासपीठावरून गावी!

तर्कशास्त्रात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण तो आप्ताचा असावा, म्हणजे जाणून खरे बोलणाऱ्याचा. मेंदू कोणास डोळ्यांनी दिसतो? तुम्हां-आम्हांस त्याचे ज्ञान ऐकूनच व्हायचे. कोणी म्हणेल, 'बुवा, दृष्टांत तो दृष्टांत, त्यातले तात्पर्य घ्यावे.' आम्हीही मनाशी हेच म्हणून पाहिले. परंतु बाईने तात्पर्य घेतले नाही, शब्द घेतला. गळ्यात वीणा असलेल्या माणसाचा शब्द लोक तसाच घेतात.

पुढल्या सप्ताहात त्याच गावी आम्ही आरंभीच सांगितले की मागील दृष्टांत खोटा होता. सभा जरा थंड पडली, असो. पुढे गजर सुरू झाला आणि खांबाला टेकून बसलेले बाईंचे यजमान सर्वांबरोबर 'विठ्ठल विठ्ठल' म्हणू लागले. स्पष्ट, तालात! वर्षभरात ज्याला 'पाणी' म्हणता आले नव्हते, तो! 'चमत्कार, चमत्कार' म्हणून मंडळी आमच्या पायांवर कोसळली. खोटे कशाला बोला, क्षणभर आम्हांसही गोड वाटले.

पण डॉक्टरांचे बोलणे कानात होते. १८६१ साली पॅरिसजवळील रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रोगी वारला. अनेक वर्षे त्याच्या तोंडून 'तान' एवढाच उच्चार निघे, तरी बोललेले त्याला पुष्कळ समजे. ब्रोका नामक वैद्याने त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूस पुढे बिघाड सापडला. अशा रोग्यांच्या तोंडून आयुष्यभर घोकलेले, चालीत बसलेले शब्द पुष्कळदा निघतात. नवे वाक्य मात्र जुळत नाही. १९७३ साली अमेरिकेत याच आधाराने सुरात बोलविण्याचा उपचारही निघाला.

आम्ही बाईंना जवळ बसवून हे सांगितले. उद्याच ते घडघडा बोलतील अशी आशा धरू नका, पण सुरात शब्द म्हणवून घेत चला. डॉक्टरांकडे नेणे सोडू नका. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे समजू नका. कित्येकांना समजत असते. हो-नाही विचारून पाहा.

आम्ही तिथेच त्यांस विचारले, "आज एकादशी आहे का?" त्यांनी मान हलविली, नाही. "द्वादशी?" होय. ती द्वादशीच होती. आणखी चारपाच गोष्टी विचारल्या, सगळ्या बरोबर.

बाई पदर तोंडाशी धरून किती तरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "महाराज, वरीसभर आम्ही ह्यांच्यासमोर बसून ह्यांचं शेत विकायचं बोलत होतो."

यजमानांनी डाव्या हाताने डोळे पुसले.