सिनेमा सोडला, पडदा सुटला का?



दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली काही कुटुंबे इथे आणि शेजारच्या किदवई नगर, सरोजिनी नगरात राहतात. त्यांतली पाच-सहा घरे दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या क्वार्टरमध्ये जमतात. प्रार्थना, अर्धा तास ध्यान, थोडे वाचन आणि शेवटी चहाबरोबर शंकासमाधान असा क्रम असतो. मागच्या महिन्यात एका भगिनीने विचारलेली शंका ऐकून आधी सगळे हसले.

तिच्या सासूबाई सातारा जिल्ह्यातून इथे आल्या आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना थिएटरमध्ये जाऊन सिनेमा पाहायचा आहे. मुलाचे म्हणणे, दोन महिन्यांत तोच सिनेमा घरी फोनवर दिसेल, मग चौघांचे दोन हजार रुपये कशाला घालवायचे? आणि ही भगिनी स्वतः उपासनेला लागल्यापासून थिएटरची पायरी चढलेली नाही. तिने विचारले, "मी नेऊ का त्यांना? आणि नेलं तर त्यांच्याबरोबर आत बसू, की बाहेर थांबू?"

हसणे ओसरले, पण उत्तर कोणालाच देता येईना. मलाही नाही. खरे तर ते मला सर्वांत आधी सुचायला हवे होते, कारण सिनेमा सोडल्याला मला पंचवीस वर्षे होऊन गेली आहेत आणि ही गोष्ट मी नवीन साधकांना अनेकदा, थोड्या अभिमानानेच, सांगत आलो आहे.

त्या रात्री मी फोन हातात घेतला. दिवसातून किती वेळ आपण पडद्याकडे पाहिले याचा हिशेब दाखवणारी एक सोय फोनमध्ये असते. आजवर मी ती कधी उघडली नव्हती. रोजची सरासरी निघाली तीन तास पन्नास मिनिटे. त्यांतील प्रवचने आणि भजने मुद्दाम मोजली, ती चाळीस मिनिटांच्या पुढे जाईनात. बाकीच्या वेळात बातम्या होत्या, क्रिकेटचे तुकडे होते, मी आयुष्यात कधी करणार नाही अशा पदार्थांच्या कृती होत्या. आणि सिनेमातले प्रसंगही होते, दोन-दोन मिनिटांचे, पुढचे-मागचे काही कळू न देणारे. आठवड्याची बेरीज सत्तावीस तासांच्या आसपास जाते, म्हणजे तीन तासांचे नऊ सिनेमे. थिएटरमध्ये बसून आठवड्याला नऊ सिनेमे पाहणाऱ्या माणसाला आपण काय म्हटले असते?

तुम्हीही आपापला आकडा एकदा पाहावा अशी विनंती आहे. कोणाला सांगू नका, फक्त पाहा.

आपण सिनेमा सोडतो तेव्हा नेमके काय सोडतो, हा प्रश्न मला तिथून सुरू झाला. थिएटरच्या पडद्याला निदान आरंभ आणि शेवट असतो. दिवे मालवतात, मध्यंतर होते, दिवे लागतात, आपण घरी येतो. हातातल्या पडद्याला शेवटच नाही. शिवाय थिएटरमध्ये कथा आपल्या हातात नसते. पडद्यावरची आई रडू लागली की ती रडून होईपर्यंत बसावे लागते. फोनवर मी काय करतो? कोणी रडू लागले की अंगठा आपोआप वर सरकतो. दुसऱ्याचे दुःख नकोसे झाल्याबरोबर त्याला बाजूला सारण्याचा सराव मी दिवसातून शेकडो वेळा करतो आणि सकाळी उठून करुणेवर ध्यान करतो. हे लिहितानाही मला संकोच वाटतो आहे.

याविषयी आपल्या परंपरेत फार खोल विचार झाला आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये आचार्य अभिनवगुप्त होऊन गेले. ते थोर शैव साधक, आणि भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर अभिनवभारती ही टीका लिहिणारेही तेच. प्रेक्षकाला रसाचा अनुभव येण्यात कोणती विघ्ने येतात, हे त्यांनी सांगितले आहे. त्यांतील एक विघ्न असे की, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो. नाटक समोर चाललेले असते आणि मन घरच्या विवंचनेत. ते विघ्न दूर झाले की घटकाभर 'माझे' आणि 'त्याचे' ही सीमा पुसट होते. रंगमंचावरचे दुःख ना माझे असते ना नटाचे, ते नुसते दुःख असते आणि आपण त्याचे साक्षी असतो. या आस्वादाला पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी ब्रह्मानंदाचा सख्खा भाऊ मानले.

अभिनवगुप्तांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि आपल्या प्रश्नासाठी मला ती अधिक महत्त्वाची वाटते. सभेतील सर्व प्रेक्षकांची चित्ते एका वेळी एका ठिकाणी लागतात, तेव्हा रस अधिक पुष्ट होतो, असे ते म्हणतात. एकट्याने पाहण्यात ते बळ नाही. आपण गुरुवारी ध्यानाला एकत्र का बसतो? घरी आसन आहे, जपमाळ आहे, वेळही आहे. तरी शेजारी दहाजण शांत बसलेले असताना आपले मन लवकर ठिकाणावर येते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

सासूबाईंनी अभिनवगुप्त वाचलेले नाहीत. मुलाने "फोनवर बघ ना" म्हटल्यावर त्यांनी दिलेले उत्तर भगिनीने आम्हाला सांगितले: "घरी एकटीनं जेवता येतंच की, पण पंगत ती पंगत." त्यांचे बालपण पुसेगावच्या बाजूला गेले. तिथल्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतले सिनेमे येत. खाली जमीन, वर कापड, मांडीला मांडी लावून बसलेला गाव. ज्या माळावर देवाचा रथ, त्याच माळावर सिनेमाचा तंबू, आणि यात काही विसंगत आहे असे कोणालाही वाटत नसे.

थोर साधकांना तरी ते विसंगत वाटले का? 21 सप्टेंबर 1884 रोजी श्रीरामकृष्ण परमहंस कलकत्त्याच्या स्टार थिएटरमध्ये गिरीशचंद्र घोष यांचे 'चैतन्यलीला' हे नाटक पाहायला गेले. त्या काळी रंगभूमीवरच्या स्त्रिया समाजाने वाळीत टाकलेल्या घरांतून आलेल्या असत आणि सभ्य लोक अशा ठिकाणी जायला कचरत. श्रीरामकृष्ण मात्र तिथे गेले आणि नाटक पाहता पाहता भावसमाधीत गेले. चैतन्यांची भूमिका करणाऱ्या विनोदिनीला त्यांनी आशीर्वाद दिला. नाटक कसे वाटले असे विचारल्यावर, खरे आणि सोंग दोन्ही एकच दिसले, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आपण म्हणू, ते परमहंस होते, आपले तसे नाही. मान्य. मग महात्मा गांधींचे पाहू. सिनेमाविषयी त्यांचे मत कठोर होते. तरी त्यांच्या आत्मकथेत लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्र नाटकाची आठवण आहे. ते नाटक पाहून त्यांचे समाधान होत नसे आणि मनातल्या मनात त्यांनी ते असंख्य वेळा केले. सत्याचा आग्रह त्या मुलाच्या मनात पेरला गेला तो एका खेळातून. दादासाहेब फाळके यांनी 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांसमोर आणलेला पहिला चित्रपटही 'राजा हरिश्चंद्र'च होता.

इथे कोणी साधक मला थांबवेल, आणि त्याने थांबवावेच. आजच्या पडद्यावर हरिश्चंद्र कुठे आहे? पुष्कळ सिनेमांत माणसे कापली जातात आणि प्रेक्षक शिट्ट्या वाजवतात. हे खरे आहे. इतकेच नाही, अभिनवगुप्तांचे म्हणणे मानले तर धोका अधिकच वाढतो. चारशे चित्ते एक होऊन करुणा पुष्ट होत असेल, तर चारशे चित्ते एक होऊन द्वेषही तितकाच पुष्ट होणार. अंधारात सर्वांबरोबर सूडाला टाळी वाजवून बाहेर आलेला माणूस आत गेला तोच राहत नाही. म्हणून निवड हवी, आणि घरच्यापेक्षा थिएटरसाठी ती अधिक काटेकोर हवी. वर्षाला दोन सिनेमे पाहण्याजोगे निघाले तर दोनच पाहावेत. एकही निघाला नाही तर घरी बसावे. मात्र घरी बसून फोन उघडला तर त्याला संयम म्हणू नये.

पैशाचा मुद्दाही खोटा नाही. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नचा पुडा तिकिटाशी स्पर्धा करतो. सकाळच्या खेळाचे तिकीट बरेचदा स्वस्त मिळते आणि घरून जेवून गेले की पॉपकॉर्नची गरज उरत नाही. याहून अधिक त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

मला लिहायचे आहे ते आणखी एका गोष्टीविषयी. प्रभातने 1936 साली 'संत तुकाराम' काढला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. त्यात तुकोबांइतकीच ठसठशीत उभी राहते ती जिजाई. घरात दाणा नाही, मुले भुकेली आहेत, म्हणून ती थेट विठोबाशी भांडते. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती संसारात मागे उरते. मी तरुणपणी हा सिनेमा पाहिला तेव्हा माझी नजर विमानावर खिळली होती. आता जिजाई अधिक दिसते. एकाच्या वैराग्याचा भार घरातले दुसरे कोणीतरी वाहत असते, हे त्या दिग्दर्शकांनी लपवलेले नाही.

आमच्या वसाहतीपासून रिक्षाने थोड्या अंतरावर, चाणक्यपुरीत यशवंत प्लेसला लागून, चाणक्य थिएटर होते. 1970 साली सुरू झालेले, भव्य पडद्याचे. डिसेंबर 2007 मध्ये ते बंद झाले. पुढे इमारत पाडली आणि आज तिथे मॉल आहे. बंद होताना तिथे शेवटचा सिनेमा 'तारे जमीन पर' लागला होता. "एकदा शेवटचे जाऊन येऊ या, मुलालाही घेऊ," असे माझी पत्नी म्हणाली. मी नकार दिला. माझा संकल्प होता. ती शेजारणीबरोबर गेली, मुलाला घेऊन. ते परत आले तेव्हा मी सायंध्यानाला बसलो होतो.

आमचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. अक्षरे उलटी काढायचा, वाचताना ओळ हरवायचा, आणि शाळेतून दर महिन्याला चिठ्ठी यायची. मी त्याला रागवत होतो. रोज सकाळी दहा ओळी लिहायला लावत होतो. चुकला की पुन्हा दहा. सिनेमा याच विषयावर आहे हे मला माहीत नव्हते, आणि त्या रात्री पत्नी सांगू लागली तेव्हा मी म्हणालो, "सिनेमातलं घरात आणू नकोस." ती गप्प झाली. जानेवारीत तिने एकटीने मुलाला डॉक्टरांकडे नेले. काय निघाले ते मला मार्चमध्ये कळले. मुलगा आज आपल्या पायावर उभा आहे, छान आहे. पण ते तीन महिने मी त्याच्याकडून दहा-दहा ओळी लिहून घेत होतो. थिएटरमध्ये त्या दिवशी हजारभर अनोळखी लोक एका आठ वर्षांच्या मुलासाठी रडले. त्यांत माझी पत्नी आणि माझा मुलगा होता. मी आसनावर होतो.

ध्यान चुकीचे होते असे माझे म्हणणे नाही. ध्यानानेच हे आज उघडपणे लिहिण्याइतके बळ दिले आहे. पण संकल्प कोणासाठी केला होता, त्यात पावित्र्य किती होते आणि 'मी सोडले' याचा सुखावा किती होता, हे मी तेव्हा तपासले नाही. तुमच्या घरात असा एखादा संकल्प असेल तर त्याची किंमत कोण मोजते आहे हे घरच्यांना विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही. माझ्या पत्नीने ते मला द्यायला मध्ये बरीच वर्षे जाऊ दिली.

पुढच्या गुरुवारी आम्ही त्या भगिनीला सांगितले की सासूबाईंना न्यावे, आणि आत त्यांच्या शेजारी बसावे. सिनेमा कोणता ते दोघींनी मिळून ठरवावे. फोन बंद करून पर्सच्या तळाशी ठेवावा. घरी आल्यावर लगेच टीव्ही लावू नये, सासूबाईंना काय आवडले ते ऐकावे, आणि मग नेहमीच्या वेळी उपासनेला बसावे. मनात जे उठेल ते उठू द्यावे. दोन हजारांचे काय, असे मुलाने विचारले, तेव्हा सकाळच्या खेळाची चौकशी झाली आणि तोही येतो म्हणाला.

रविवारचा खेळ ठरला आहे. माझी पत्नी त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि या वेळी तिने मला विचारलेले नाही. मीच तिला विचारले, एक तिकीट जास्त काढशील का? सासूबाईंचा निरोप आला तो निराळाच होता: जिने किती चढावे लागतात?