विद्येला हात लावू द्या



आज एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. शाळेतून आलेली आपली मुलगी माती कालवून आकार करू लागली, मुलगा तारा जोडून दिवा पेटवू लागला किंवा डफावर ताल धरू लागला, तर आपण काय म्हणतो? "ते ठेव आणि अभ्यासाला बस!" या शब्दांत माया आहे, तशी भीतीही आहे. आपल्या वाडवडिलांच्या हातांनी मेलेली ढोरे ओढली, गावकीची कामे केली. ती कामे आपण टाकली, हे योग्यच झाले. तेव्हा आता मुलांच्या हाती फक्त लेखणी असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते बरोबर आहे काय?

दोष हातांच्या कामात नव्हता. ते काम जन्माने लादले जात होते, यात होता. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जातीने नुसती कामे वाटली नाहीत. कामकरी माणसेच एकमेकांपासून तोडली आणि वरखाली बसविली. एकाला पोथी मिळाली, दुसऱ्याला हत्यार. पोथीवाल्याने हत्यार धरले नाही, हत्यारवाल्याला पोथी दिली गेली नाही. "आमच्या मुलाला फक्त लेखणी" असे म्हणताना आपण तीच वाटणी मान्य करतो; आपली बाजू तेवढी बदलतो.

अस्पृश्यता म्हणजे स्पर्शाची बंदी. बाबासाहेबांच्या चरित्रात एक प्रसंग नोंदलेला आहे. गणित सोडविण्यासाठी मास्तरांनी त्यांना फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी ओरडा केला आणि डबे हलविले. आज तसे उघड कोणी करीत नाही. परंतु कित्येक शाळांत प्रयोगाचे साहित्य कुलपात असते. गुरुजी फळ्यावर आकृती काढतात, मुले ती वहीत उतरवितात. हा जातीचा विटाळ नव्हे, हे खरे. पण पैसेवाल्याच्या मुलाला घरी साहित्य मिळते; आपल्या मुलाला शाळेतले कपाटच तेवढे असते. ते बंद राहिले की नुकसान कोणाचे होते, याचा विचार करा.

आपण वंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि पाहा, असा त्याचा अर्थ. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विज्ञानाची रीत याहून वेगळी नाही. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत या रीतीने विज्ञान शिकविण्यास आरंभ झाला. सहावी ते आठवीची मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासावयाचे नव्हतेच. हा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पोचला. २००२ साली मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. पण गरिबांची मुले असे शिकू शकतात, हे तोवर सिद्ध झाले होते.

त्याला मोठा खर्चही लागत नाही. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घ्या. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण आकार सोडीत नाही. हे ज्या मुलीने स्वतःच्या बोटांनी अनुभवले, तिला पत्र्याच्या छपराखालची कैची तिरकस का असते, हे घोकावे लागत नाही.

कलेचेही तसेच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव दगडात कोरलेले आहे. ज्याने हातांनी घडविले, त्याचे नाव तेथे लपविलेले नाही. लादलेली हलगी आपण फेकली. आवडीने शिकलेले वाद्य ही मात्र गुलामी नव्हे.

कोणी म्हणेल, नोकरीला गुण लागतात. लागतात, हे नाकारून चालणार नाही. पाठ करणेही सोडू नये. परंतु समजून शिकलेले परीक्षेनंतरही टिकते, आणि "हे असे कशावरून?" असे विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला बुवाबाजी सहजासहजी फसवू शकत नाही.

तेव्हा दोन गोष्टी करा. शाळेत जा आणि प्रयोगाचे कपाट महिन्यातून किती वेळा उघडते, ते नम्रपणे पण ठामपणे विचारा. आणि जयंतीच्या वर्गणीतून मंडपाचा खर्च थोडा कमी करून विहारात एक पेटी ठेवा : भिंग, लोहचुंबक, तारा, रंग, माती, कात्री. तिला कुलूप लावू नका. वस्तू मोडतील, हरवतील. मोडू द्या. मोडलेली वस्तू पुन्हा आणता येते. "हात लावू नकोस" हे शब्द मात्र आपल्या घरांत पुरेशा पिढ्यांनी ऐकले आहेत.