लक्ष जातं, लक्ष देतात

मराठीत ‘लक्ष’ या शब्दाला दोन क्रियापदं चिकटतात. लक्ष जातं, आणि लक्ष देतात. रस्त्यात भांडण झालं की लक्ष जातं, त्यासाठी आपल्याला काहीच करावं लागत नाही. घरातल्या आजारी माणसाकडे मात्र लक्ष द्यावं लागतं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. मागावं लागतं, कारण ती देण्याची वस्तू आहे. आपोआप मिळत असती तर कोण कशाला मागेल?

हा फरक मला बोटांनी समजला, तो एका जुन्या रशियन लेन्समुळे. हेलिओस ४४-२. ५८ मिलिमीटर, एफ/२. सोव्हिएत काळात झेनिट कॅमेऱ्यांबरोबर या लेन्स लाखांनी बनल्या. आज एक साधा अॅडॉप्टर लावला की त्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसतात. आत मोटर नाही, चिप नाही. कॅमेऱ्याला आपल्या तोंडावर लेन्स आहे हेसुद्धा कळत नाही. फोकस करायचा तर धातूची रिंग फिरवायची. आतल्या पेचावर काचा पुढेमागे सरकतात. पेचात वंगण असतं, त्यामुळे रिंग सैल सुटत नाही. बोटांना किंचित विरोध करते. मॅन्युअल लेन्सचे शौकीन या विरोधाबद्दल तासन्‌तास बोलू शकतात. रिंग लोण्यासारखी फिरते का, कुठे अडकते का, टोकाला पोचली की ठाम थांबते का.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला आधी हे सगळं जुन्या वस्तूंचं लाडकौतुक वाटायचं. नव्या लेन्सनाही रिंग असतेच की. पण बहुतेक मिररलेस लेन्समध्ये ती रिंग काचांना जोडलेलीच नसते. ती फिरवली की सेन्सर सिग्नल पाठवतो, प्रोसेसर तो वाचतो आणि मोटरला हुकूम देतो. कित्येक लेन्समध्ये तीच रिंग हळू फिरवली तर फोकस थोडा सरकतो आणि झटकन फिरवली तर खूप. म्हणजे आपण रिंगला विनंती करतो आणि मधला कुणीतरी तिचा अर्थ लावतो. हेलिओसमध्ये मधे कुणी नाही. अमुक इतकं फिरवलं की अमुक इतकंच सरकणार, आजही आणि उद्याही. काही दिवसांनी हाताला ते पाठ होतं. समोरचा माणूस दीड मीटरवर आहे हे डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळायला लागतं.

इथपर्यंत हा हाताच्या सुखाचा मामला आहे. नैतिक प्रश्न सुरू होतो तो फोकस कुठे करायचा इथून.

मी डोलवीचा. आमच्या तालुक्याचं गाव पेण, म्हणजे गणपतींचं गाव. पेण, हमरापूर, जोहे या भागात वर्षभर मूर्ती घडतात. तिथल्या कारखान्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे आखणी, मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम सरावलेल्या हातालाच मिळतं. समजा, आखणी करणारा माणूस तुमच्यापासून दीड मीटरवर बसलाय. हेलिओस पूर्ण उघडी ठेवली, एफ/२ वर, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर त्या अंतराला साधारण सात-आठ सेंटिमीटर जाडीचा थरच स्पष्ट येतो. त्याच्या पुढचं-मागचं सगळं विरघळतं. आता त्या माणसाचा चेहरा एका अंतरावर, ब्रश धरलेला हात दुसऱ्या, मूर्तीचा डोळा तिसऱ्या. मागे एक बाई भिंतीकडे तोंड करून पॉलिश पेपरने मूर्ती घासतेय, ती चौथ्या. फोटोत यातलं एकच नीट दिसणार. कोण?

आजचा कॅमेरा हा प्रश्न विचारतच नाही. तो चेहरा शोधतो, चेहऱ्यात डोळा शोधतो आणि तिथे फोकस लावून मोकळा होतो. काम थक्क करणारं आहे. १९७७ साली कोनिका सी३५ एएफ हा बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा निघाला, १९८५ साली मिनोल्टा ७००० ने एसएलआरमध्ये ऑटोफोकस रुळवला, आणि आता तर उडत्या पक्ष्याचा डोळाही सापडतो. पण त्यामागचा नियम नीट वाचा : चेहरा दिसतोय त्याला आधी प्राधान्य. आणि काम करणाऱ्या माणसाचा चेहरा बहुतेक वेळा दिसत नाही. लावणी करणारी बाई वाकलेली असते. मिठागरात फावडं ओढणारा खाली बघत असतो. घासकाम करणारीची पाठ आपल्याकडे असते. त्या कारखान्यात कॅमेऱ्याचं लक्ष जाईल ते दारात उभं राहून कॅमेऱ्याकडे बघून हसणाऱ्या पोराकडे.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. मी रोज डीफॉल्ट लिहितो, मला माहीत आहे ते कसे ठरतात. जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त वेळा जे हवं असतं ते डीफॉल्ट होतं. लोक एकमेकांचे फोटो काढतात, वाढदिवसाचे, लग्नाचे. तिथे हा नियम बरोबरच आहे. फक्त डीफॉल्टचा एक स्वभाव असतो : तो निर्णय असतो, पण निर्णयासारखा दिसत नाही. कुणी कुणाला वगळलं, हे विचारायची वेळच येत नाही.

रिंग हाताने फिरवताना ती वेळ येते. अनंतापासून जवळ येताना फोकस वाटेतल्या प्रत्येक अंतरावरून जातो. आधी मागची खिडकी स्पष्ट होते, मग घासणारी बाई, मग आखणी करणाऱ्याचा कान, गाल, मग ब्रशचं टोक. एकेक जण क्षणभर पुढे येतो आणि परत धूसर होतो. तुम्ही चेहऱ्यासाठी निघालेला असता, पण वाटेत ती बाई लागते. तिच्यावर थांबायचं की पुढे जायचं हे आता तुम्हालाच ठरवावं लागतं. पुढे गेलात तरी हरकत नाही. पण तुम्ही तिला पाहून पुढे गेलात.

याचा अर्थ मॅन्युअल लेन्स म्हणजे पुण्य, असं मुळीच नाही. ऑटोफोकस यायच्या आधीपासून फोटोग्राफर एक युक्ती वापरत आले आहेत : छिद्र बारीक करायचं, रिंग दोन-तीन मीटरवर लावून ठेवायची आणि कॅमेरा डोळ्यालाही न लावता, न थांबता फोटो टिपायचा. समोरच्याला कळतही नाही. हेही मॅन्युअलच, आणि यात समोरच्या माणसाला नाही म्हणायची संधी शून्य. उलट, ज्याची नजर अधू आहे, ज्याचा हात थरथरतो, त्याच्यासाठी ऑटोफोकस हे वरदान आहे. दंगलीत किंवा पुरात बातमीदाराने रिंग फिरवत बसावं असं कोण म्हणेल? मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं छायाचित्रांतून मांडणारे सुधारक ओलवे यांचं काम बघताना आपल्याला लेन्स कुठली हे आठवतही नाही. आठवतं ते हे, की जिथून बाकीचे नाक दाबून निघून जातात तिथे हा माणूस थांबला.

तेव्हा चांगुलपणा पितळेच्या पेचात भरलेला नसतो. मी कसोटी एवढीच लावतो : फोकस इथेच का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे का? ऑटोफोकसवरही ते असू शकतं. आपण बिंदू निवडू शकतो, चेहरा शोधणं बंद करू शकतो. मॅन्युअल रिंगचा फायदा असा की तिथे ‘कॅमेऱ्याने केलं’ हे उत्तर उपलब्धच नसतं.

त्या रिंगेवर कोरलेले आकडे मला आणखी एक गोष्ट सांगतात. ते समान अंतरावर नसतात. दूरचे आकडे एका टोकाला दाटीवाटीने असतात, जवळचे ऐसपैस. भिंगाच्या सूत्राने गणित केलं तर कारण दिसतं. ५८ मिलिमीटरची लेन्स अनंतापासून १० मीटरवर आणायला काचा साधारण एक तृतीयांश मिलिमीटर सरकाव्या लागतात. तिथून १ मीटरवर यायला तीन मिलिमीटरहून जास्त, म्हणजे जवळजवळ दहापट. दूरचं जग रिंगेच्या चिमूटभर भागात मावतं. खरी मेहनत जवळच्यासाठी लागते.

डोलवीचे फोटो शोधलेत तर बहुतेक पोलाद कारखान्याचे सापडतील. आधी इस्पातचा, आता जेएसडब्ल्यूचा. ते साहजिक आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना लक्ष त्याच्याकडेच जातं. लेन्स अनंतावर ठेवली की तो लगेच स्पष्ट येतो, रात्री दिव्यांनी तर फारच. पण त्याच फ्रेममध्ये अलीकडे भातखाचरं आहेत, खाडीचं पाणी अडवणारे बांध आहेत, आणि बांधावर कुणीतरी आहे. तो माणूस फोकसमध्ये आला की चिमण्या धूसर होतात. दोन्ही फोटो खरे आहेत. डोलवीला दोन्ही लागतात. पहिला आपोआप निघतो, त्यामुळे तो भरपूर आहे.

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये रिंग नाही. त्याची लेन्स इतकी छोटी आहे की बहुतेक सगळं स्पष्टच येतं, आणि मागची धूसरता पोर्ट्रेट मोडमध्ये हिशेब करून रंगवली जाते. कित्येक फोनमध्ये फोटो काढून झाल्यावरही फोकस बदलता येतो, म्हणजे निर्णय पुढे ढकलता येतो. ढकललेला निर्णय बहुतेक वेळा घेतलाच जात नाही. पण पडद्यावर बोट ठेवून फोकस हलवता येतो, आणि त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. पुढच्या वेळी चार माणसांच्या फोटोत पिवळा चौकोन आपोआप एका चेहऱ्यावर जाऊन बसेल, तेव्हा बटण दाबण्याआधी उरलेल्या तिघांकडे एकदा बघा. कदाचित चौकोन होता तिथेच राहू द्याल. पण मग तो तुम्ही ठेवलेला असेल.