न दिसणाऱ्या कामाचा हिशेब

विश्वासी मनुष्यानें दुसऱ्याच्या कामाची पडताळणी करावी कीं करूं नये, असा प्रश्न अलीकडे आमच्यापुढें पुष्कळ वेळां आला आहे. तो कोणा पंडितानें काढलेला नाहीं. खापरखेडा व सावनेर या बाजूच्या मंडळ्यांतील पिकअप गाडी चालविणाऱ्या बंधूंनीं तो काढिला आहे. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्यें द्यावी, सायंकाळीं ती धुऊन पुसून परत मिळावी, हातीं एक लांबलचक बिल यावें, आणि त्या बिलांतील निम्म्या गोष्टी खरोखर झाल्या कीं नाहींत हें कळण्यास कांहींच मार्ग नसावा, अशी त्यांची अडचण आहे. जुना फिल्टर दाखवा म्हणावें तर समोरचा माणूस रागावतो, न म्हणावें तर मनांत किंतु राहतो. मग ख्रिस्ती मनुष्यानें करावें तरी काय? कोणी म्हणतात, प्रीति विश्वास ठेवण्यास मागेंपुढें पाहत नाहीं असें पौलानें करिंथकरांस शिकविलें आहे, तेव्हां विचारणेंच अयोग्य. दुसरे म्हणतात, हा बाजाराचा व्यवहार, येथें शास्त्र कशास आणावें? आम्हांस हीं दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात.

प्रथम हें पाहूं कीं ही गाडी आमच्या भागांत चैनीची वस्तु नव्हे. खापरखेड्याचें औष्णिक वीजकेंद्र 210 मेगावॅटचे चार व 500 मेगावॅटचा एक अशा पांच संचांचें, म्हणजे एकंदर 1340 मेगावॅटचें आहे. भोंवतीं कोळशाच्या खाणी आहेत, कन्हान व कोलार या नद्यांच्या बाजूस भाजीपाला होतो, आणि सावनेर-काटोलकडे संत्र्यांच्या बागा आहेत. राखेच्या विटा, वांगीं, संत्रीं, लग्नघरचीं भांडीं, सर्व कांहीं या पिकअपवर चढतें. रात्रीं माल भरून पहाटे कळमन्याच्या बाजारांत पोंचलें नाहीं तर भाव गेला. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. ती एक दिवस उभी राहिली तरी हप्ता कांहीं उभा राहत नाहीं. आणि ब्रेक लागला नाहीं तर काय होतें हें सांगण्याची गरज नाहीं. सारांश, ज्याच्या हातीं आपण गाडी सोंपवितों त्याच्या हातीं आपण घरची भाकर व रस्त्यावरच्या परक्या लेंकरांचा जीव सोंपवितों.

आतां त्या कामाचें स्वरूप. डिझेल एंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते कीं तिच्याच उष्णतेनें इंधन पेटतें. रुडॉल्फ डीझेल या जर्मन एंजिनियरानें 1897 सालीं असें एंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें, आणि तत्त्व आजहि तेंच आहे. इंधन अतिशय बारीक छिद्रांतून मोठ्या दाबानें आंत फवारलें जातें. म्हणून डिझेलांत थोडी धूळ किंवा पाणी राहिलें तरी पंपाची व इंजेक्टरची हानि होते. तें पाणी फिल्टरच्या तळाशीं सांचतें आणि वेळोवेळीं काढावें लागतें. हवेच्या फिल्टरचेंहि तसेंच. कंपनीच्या पुस्तकांत तो अमुक किलोमीटरांनीं बदलावा असें लिहिलेलें असतें, परंतु धुळीच्या प्रदेशांत त्याआधींच पाहावा असेंहि लिहिलेलें असतें. आणि राखेचे व कोळशाचे ट्रक ज्या रस्त्यानें जातात तो धुळीचा प्रदेश नव्हे असें कोण म्हणेल? पण ही दुसरी ओळ फारसें कोणी वाचीत नाहीं.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. डिझेल एंजिनांत नवें ऑईल घातलें तरी काजळीमुळें तें थोड्याच दिवसांत काळें होतें. म्हणजे दांडी बाहेर काढून रंग पाहिला असतां ऑईल बदललें होतें कीं नव्हतें हें मालकास सांगतां येत नाहीं. ज्याला अप्रामाणिकपणा करावयाचा त्याला यंत्रानेंच जणूं पडदा धरिला आहे. त्यांत 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यानें नव्या गाड्यांच्या धुराड्यांत काजळी धरणारा फिल्टर व अनेक सेन्सर आले, आणि बिघाड कोठें आहे हें संगणक जोडल्यावांचून कळेनासें झालें. धूर कमी झाला हें चांगलेंच, आमच्या खापरखेड्यास तर त्याचें मोल अधिक. पण मालकाचें अज्ञान मात्र वाढलें. मोशेच्या नियमशास्त्रांत पिशवींत लहानमोठीं दोन वजनें ठेवण्याची मनाई आहे. त्या काळच्या गिऱ्हाइकास निदान तराजू डोळ्यांपुढें दिसत होता. येथें तराजूच बॉनेटखालीं आहे.

मग विचारावें कीं नाहीं? आमच्या मतें या प्रश्नाचा उलगडा दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत आहे, आणि योगायोगानें तो अध्याय दुरुस्तीविषयींच आहे. योआश राजाच्या वेळीं मंदिराची मोडतोड झाली होती. लोकांकडून पैसा येत होता, तो याजकांच्या हातीं जात होता, आणि राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें तरी दुरुस्ती झाली नव्हती. (वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं काम न करितां पैसा घेणारे येथें सुतार-गवंडी नव्हते, तर याजक होते. आम्ही पाळकांनीं हा अध्याय जरा सावकाश वाचावा.) तेव्हां झांकणास छिद्र पाडलेली एक पेटी वेदीजवळ ठेविली गेली, ती भरली म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसा मोजीत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या स्वाधीन करीत. ते सुतारांस, गवंड्यांस, पाथरवटांस देत. आणि पुढें असें सांगितलें आहे कीं त्या माणसांपाशीं कोणी हिशेब मागत नसे, कारण तीं सचोटीनें वागत.

हें शेवटलें वाक्य घेऊन आमचे कांहीं बंधु म्हणतात, पाहा, हिशेब न मागणें हेंच उत्तम. पण अध्याय सबंध वाचावा. हिशेब मागितला नाहीं तो कोणास? ज्यांची सचोटी पाहून झाली होती त्यांस. आणि त्याच कामाचा पैसा पेटींतून काढतांना मात्र दोघांनीं मिळून मोजला. म्हणजे विश्वास हा प्रारंभीं डोळे मिटून द्यावयाचा नजराणा नाहीं. पाहतां पाहतां ज्याची खात्री पटते त्यालाच तो मिळतो, आणि मग तो पुरता मिळतो. पौलाची रीतहि हीच दिसते. यरुशलेमांतील गरिबांसाठीं जमलेली वर्गणी नेतांना त्यानें तीताबरोबर मंडळ्यांनीं निवडलेले दुसरे बंधु पाठविले, आणि करिंथकरांस उघड लिहिलें कीं या रकमेविषयीं कोणीं दोष लावूं नये म्हणून आम्ही जपतों. प्रेषिताला आपली पडताळणी झाल्यानें अपमान वाटला नाहीं. ती व्हावी अशी व्यवस्था त्यानें स्वतःच केली. मग फिल्टर दाखवा म्हटल्यानें प्रामाणिक मिस्त्र्याचा अपमान कां व्हावा? उलट त्याच्या कामाची साक्ष देणारा एक मनुष्य वाढतो. पाप असलें तर विचारण्यांत नसून विचारण्याच्या सुरांत आहे. गाडी देतांनाच, चोरी गृहीत न धरितां, "काढलेले जुने भाग आमच्यासाठीं ठेवा" इतकें शांतपणें सांगावें व तें जॉब कार्डावर लिहून घ्यावें. गाडी परत घेतांना, रागानें, चारचौघांत विचारणें हें निराळें.

प्रेषितांनीं दासांस लिहितांना मालकाच्या डोळ्यांपुरती चाकरी करूं नका असें बजाविलें. या दोषाचें सर्वांत विलक्षण उदाहरण आमच्या काळांत माणसानें नव्हे तर एंजिनानें दाखविलें. फोक्सवागन या जर्मन कंपनीनें आपल्या डिझेल गाड्यांत अशी योजना करून ठेविली होती कीं धुराची तपासणी चालू आहे हें गाडीस ओळखूं यावें, आणि तेवढ्यापुरतीच तिनें स्वच्छ वागावें. रस्त्यावर गेली कीं मर्यादेपेक्षां कितीतरी अधिक विषारी वायु सोडावा. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजमाप घेतलें तेव्हां तफावत दिसली, आणि 2015 च्या सप्टेंबरांत कंपनीस तें कबूल करावें लागलें. जगभर सुमारें 1 कोटी 10 लक्ष गाड्यांत ही योजना होती. विद्वान, सुखवस्तु, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशांतील माणसांनीं हें केलें. तेव्हां पंचवीस कर्मचाऱ्यांच्या एखाद्या वर्कशॉपांतील गरीब पोऱ्यालाच तेवढें दोषी धरण्यांत अर्थ नाहीं. वरून महिन्याचें उद्दिष्ट येतें, इतकें ऑईल, इतके ॲडिटिव्ह, इतक्यांची एंजिन-सफाई विकलीच पाहिजे. आणि मग गरज नसलेलें काम गरजेचें म्हणून लिहिलें जातें. भीतीनें केलेलें खोटें हें खोटेंच, पण भीति घालणाराहि त्याचा वांटेकरी आहे.

मालकांनींहि आपल्याकडे पाहावें. सर्व्हिसची मुदत तीन तीन महिने टाळणारे, परवान्यापेक्षां अधिक माल लादणारे, स्वस्त मिळतें म्हणून कोठलेंहि डिझेल भरणारे, आणि मग एंजिन बसलें म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या नांवानें खडे फोडणारे आमच्यांतच आहेत. याहून वाईट म्हणजे, भागीदारास किंवा माल पाठविणाऱ्यास दाखविण्यासाठीं "बिल जरा चढवून द्या" असें मिस्त्र्यास सांगणारे. ज्याला आपण खोटें लिहावयास शिकविलें तो आपल्यापुरतें खरें लिहील ही आशा कशाच्या बळावर? निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत मारक्या बैलाविषयीं नियम आहे. बैलास शिंग मारण्याची खोड आहे अशी ताकीद मालकास दिली असून त्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, आणि मनुष्य मेला, तर दोष मालकाच्या माथीं. ब्रेकपॅड झिजले आहेत असें ज्यास जॉब कार्डावर लिहून दिलें आणि ज्यानें "पुढच्या वेळीं पाहूं" म्हणून सही केली, त्यानें तो अध्याय वाचावा. त्या सहीची एक प्रत त्याच्या घरीं असते.

कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्यें गेलें पाहिजे काय, असेंहि विचारतात. हमीच्या मुदतींत तेथें जाणें व प्रत्येक पावती जपणें शहाणपणाचें. पुढें मात्र गांवचा चांगला मिस्त्री कमी प्रतीचा समजूं नये. मोटारीचे सुटे भाग व दुरुस्तीचीं साधनें बाहेरच्या गॅरेजांस मिळूं न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें 25 ऑगस्ट 2014 रोजीं 14 मोटार कंपन्यांवर एकंदर 2544 कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठाविला होता. तें प्रकरण पुढें वरच्या न्यायपीठांकडे गेलें, तरी लहान मिस्त्र्याचा हक्क हा विचारांत घेण्याजोगा प्रश्न आहे एवढें त्यावरून दिसून आलें. तसेंच बिल झालें व काम झालें नाहीं असा पुरावा असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें जिल्हा आयोगाकडे वकिलावांचूनहि तक्रार करितां येते. न्याय मागणें ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाहीं असें समजूं नये. पौलानें कैसरापाशीं दाद मागितलीच होती.

आतां सर्वांत अवघड भाग. असल्या एका वर्कशॉपांत काम करणाऱ्या आमच्या मंडळींतील तरुणानें आम्हांस विचारिलें: "जुना फिल्टर हवेनें झाडून पुन्हां बसीव आणि कार्डावर नवा लिही, असें मला सांगतात. नाहीं म्हटलें तर नोकरी जाईल. घरीं आई, बायको व लहान मूल आहे. मीं काय करावें?" मालकांस उपदेश करणें सोपें होतें. येथें आमची लेखणी थबकते.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार व शिपाई आले, तेव्हां त्यानें त्यांस धंदा सोडा असें सांगितलें नाहीं. ठरल्याहून अधिक घेऊं नका, जुलूम करूं नका, आपल्या पगारांत तृप्त असा, इतकेंच सांगितलें. त्याला अनुसरून आम्हीं या तरुणास म्हटलें कीं काम सोडण्याची घाई करूं नको, पण जें केलें नाहीं त्यावर सही करूं नको. प्रथम फोरमनशीं एकटा बोल. त्याचा उपयोग झाला नाहीं तर त्याच्या वरच्याशीं. तोहि ऐकत नसेल तर नोकरी जाईल, आणि ती जावी. परंतु हें वाक्य बोलण्याचा अधिकार त्याच पाळकास आहे, ज्याची मंडळी त्याचे पुढचे तीन महिने वाहून नेण्यास तयार आहे. म्हणून आम्हीं तें बोलण्यापूर्वीं पंचांस विचारिलें. एका वडिलांनीं ज्वारीचें पोतें कबूल केलें, दुसऱ्यांनीं दुधाचें पाहिलें, आणि एकांनीं, खरें सांगावयाचें तर, या मुलास जगाची रीत कळत नाहीं असें म्हणून मान फिरविली. कॅटेकिस्ट बंधूंनीं अशा प्रसंगीं पहिल्यानें पोत्याची चौकशी करावी, मग वचन काढावें.

त्यानें सही केली नाहीं, आणि दोन महिन्यांत नोकरी गेली. हल्लीं तो रस्त्याकांठच्या एका लहान गॅरेजांत आहे. पगार पूर्वींहून कमी आहे, संगणक नाहीं, आणि नव्या गाड्यांचें पुष्कळसें काम त्यामुळें तेथें येत नाहीं. मात्र ऑईल बदलावयाचें असेल तर तो मालकास बोलावून जुनें ऑईल त्याच्यादेखत काढतो, आणि काढलेले भाग पिशवींत बांधून हातीं देतो. बहुतेक मालक ती पिशवी न उघडतांच गाडीच्या मागें टाकतात, आणि विटांच्या खेपेबरोबर ती कोठेंतरी उतरते.